नवीकोरी, खोक्यातून न काढलेली

"हिला कुणी हात लावलाय का?" मी विचारलं.

"कुणी नाही," शाळेचे हेडक्लार्क सानप भाऊसाहेब म्हणाले. "नवीकोरी आहे. खोक्यातून काढलेलीसुद्धा नाही. हे बघ, डेड स्टॉक रजिस्टर, पान चौतीस, अनुक्रमांक बारा. बाहेरून जोडायची डीव्हीडी ड्राइव्ह, नग एक. किल्ली माझ्या करगोट्याला असते, आता बोल."

मी माझी वही काढली आणि डाव्या रकान्यात लिहिलं: सानप – खोक्यातून काढलेली नाही.

या वहीबद्दल सांगायला हवं. पाटोद्याच्या स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं त्या दिवसापासून मी ती लिहीत होतो. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे माणूस काय म्हणाला, उजवीकडे मशीन काय म्हणालं. 'आपोआप बंद पडलं' म्हणणाऱ्या एका ग्रामसेवकाच्या कीबोर्डातून मी साबुदाण्याची खिचडी काढली होती, दाण्याच्या कुटासकट. 'यावर फक्त पेशंटचं काम चालतं' म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या मशीनवर पत्त्यांचे चार हजार डाव खेळलेले निघाले, आणि त्यातले बहुतेक हरलेले. चार वर्षांत दोन्ही रकाने जुळले असं एकदाही झालं नव्हतं. तरी त्या दिवशी मी सानपांच्या वाक्याखाली रेघ ओढून पुढं गेलो, याचं कारण एवढंच की हा माणूस खडूची पेटीसुद्धा सही घेतल्याशिवाय देत नसे. असा माणूस खोटं कशाला बोलेल?

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी आठलाच मुलींच्या शाळेच्या रत्नपारखी मॅडमचा बीडहून फोन आला होता. त्या मुख्याध्यापिका, मीटिंगसाठी आदल्या दिवशीच तिकडं गेलेल्या.

"गहिनीनाथ, ऑफिसचा कॉम्प्युटर कालपासून काळ्या पडद्यावर थांबलाय. आत एकवीस बायकांचे दहावीचे अर्ज आहेत. उद्या अकरापर्यंत औरंगाबादला पोचले नाहीत तर त्यांचं वर्ष गेलं."

या बायका म्हणजे शाळा अर्धवट सुटलेल्या, लग्नं होऊन गेलेल्या, आता बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या. मॅडमनी तीन महिने गावोगाव फिरून त्या गोळा केल्या होत्या, एकेकीचा फोटो आणि सही मशीनमध्ये घालून अर्ज स्वतः टाइप केले होते.

"कागद असतील ना मॅडम? पुन्हा टाइप करू."

"कागद परत देऊन टाकले. आणि त्यातल्या नऊजणी दसरा झाल्या झाल्या कोयते घेऊन कारखान्यावर गेल्या. कुठल्या फडात शोधू त्यांना? तीनच्या एसटीनं सानप निघतील. त्याआधी काहीही करा. मी आता मीटिंगला चाललेय, फोन बंद राहील."

म्हणून मी दहा वाजता ऑफिसात हजर होतो. मशीन जुनं, पण हार्ड डिस्क फिरत होती. म्हणजे अर्ज आत शाबूत असण्याची आशा होती, फक्त विंडोज उठत नव्हतं. अशा वेळी मी सरळ कॅबिनेट उघडून हार्ड डिस्क काढतो आणि दुकानातल्या मशीनला लावतो. स्क्रू ड्रायव्हर काढला तोच सानप मध्ये आले. कॅबिनेटच्या सांध्यावर कागदी पट्टी चिकटवलेली होती, तीवर तपासणीवाल्या साहेबांची सही आणि शिक्का.

"सील आहे. तोडायचं असेल तर लेखी आदेश लागतो."

"भाऊसाहेब, बायकांचं वर्ष जाईल."

"वीस बायकांचं वर्ष जाईल, आणि माझी नोकरी जाईल. तू सीलला हात न लावता काय करतोस ते कर."

मॅडम एकवीस म्हणाल्या होत्या, हे वीस म्हणत होते. दोघांत कुणाचा तरी हिशेब चुकत होता. ते मी मनात नोंदवून ठेवलं आणि कामाला लागलो.

सील न तोडता एकच वाट होती. माझ्याकडे एक तबकडी होती, जिच्यावरून कॉम्प्युटर हार्ड डिस्कला न विचारता उठतो. उठला की आतले अर्ज पेन ड्राइव्हवर घ्यायचे, बस. मशीनची स्वतःची ड्राइव्ह केव्हाच दात मिटून बसलेली, तिचा ट्रे बाहेर येत नव्हता. पेन ड्राइव्हवरून उठण्याची अक्कल त्या जमान्यातल्या मशीनला नव्हती. राहिली ही कपाटातली बाहेरून जोडायची ड्राइव्ह.

तबकडी घातली, मशीन चालू केलं. ड्राइव्हचा दिवा लुकलुकला, घर्र झालं, आणि पडद्यावर अक्षरं आली की चालू होण्याजोगी तबकडी सापडत नाही.

"काय म्हणतंय?" दारातून आवाज आला.

शाळेच्या शिपाईण प्रयागबाई. पस्तिशीच्या, काटक, खांद्यावरून पदर घट्ट खोचलेला. हातात पाण्याचा तांब्या होता, पण पाणी मला द्यायचं की स्वतः प्यायचं हे त्यांचं ठरलेलं दिसत नव्हतं.

"काही नाही बाई," मी ऐटीत म्हणालो. "मशीनला सांगायचं राहिलंय की आधी कुणाकडं बघायचं. ते सवयीनं हार्ड डिस्ककडं बघतंय."

सेटिंगमध्ये जाऊन मी बाहेरच्या ड्राइव्हला पहिला नंबर दिला. पुन्हा चालू केलं. लुकलुक, घर्र, आणि तीच अक्षरं.

"आता?" प्रयागबाई तिथंच.

"आता तार." ड्राइव्हच्या तारेला दोन तोंडं होती. एकातून माहिती जाते, दुसऱ्यातून जास्तीचा करंट. सानपांनी एकच लावलं होतं, दुसरं रबर लावून गुंडाळून ठेवलं होतं, खराब होऊ नये म्हणून. मी दोन्ही मशीनच्या मागच्या बाजूला खोचली. घर्र आवाज आता दमदार झाला. प्रयागबाई पुढं सरकल्या. पडदा काळा राहिला, राहिला, आणि तीच अक्षरं.

"प्रयागबाई, तास!" सानप ओरडले.

त्या पळत गेल्या, घंटा दिली, आणि मोजून एका मिनिटात परत दारात. मी माणसांच्या येण्याजाण्याकडं लक्ष ठेवणारा माणूस. शिपायानं ऑफिसच्या दारात उभं राहणं यात नवल नाही. पण त्या दाराला टेकत नव्हत्या, इकडंतिकडं बघत नव्हत्या. पडद्याकडं अशा बघत होत्या जसं दवाखान्याच्या बाकड्यावरचं माणूस आतल्या दाराकडं बघतं.

मी तबकडी घेऊन दुकानात गेलो, माझ्या मशीनमध्ये घातली. झटक्यात चालली. म्हणजे तबकडी चांगली. ड्राइव्ह नवीकोरी, खोक्यातून न काढलेली. मग दोष कुणाचा? शाळेच्या मशीनचा. हा हिशेब मला इतका चोख वाटला की त्याच्यापायी मी पुढचे दोन तास घालवले. एकेक पोर्ट बदलला. सेटिंग पुसून पहिल्यापासून केलं. दुसरी तबकडी आणली, तिसरी आणली. दर वेळी दिवा लुकलुके, दर वेळी घर्र, आणि दर वेळी ती अक्षरं, आता मला पाठ झालेली.

मध्ये सानपांनी मला चहा पाजला आणि स्वतःचं म्हणणंही ऐकवलं.

"मी मॅडमला आधीच म्हणलं होतं. संसाराच्या बायका, दहावी करून काय करणार? वीसच्या वीस नापास होतील."

"होऊ द्या की नापास," प्रयागबाई एकदम म्हणाल्या. "नापास व्हायला तर बसू द्या. एकवीस बायांनी सह्या केल्यात त्या काय गंमत म्हणून?"

"वीस."

"तेच ते," म्हणून त्या कपबश्या उचलून गेल्या.

मी चहाचा शेवटचा घोट तसाच ठेवला. मॅडमचा आकडा शिपाईणबाईंना माहीत, आणि हेडक्लार्कला नाही? पण सव्वाएक वाजला होता. आकड्यांच्या मागं लागायला वेळ नव्हता.

खरं सांगायचं तर मी हरलो होतो. वही मिटली, तारा गुंडाळायला घेतल्या.

"भाऊसाहेब, मशीनच गेलंय. सील तोडा, नाहीतर राहू द्या."

"उठू नका सर," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांनी ऑफिसचं दार आतून लोटलं आणि स्टूल घेऊन दारातच बसल्या. "अजून पावणेदोन तास हैत. मोठ्या सुट्टीतबी मी कुणाला आत येऊ देत न्हाई. तुम्ही बघा."

"काय बघू बाई? सगळं बघून झालं."

"मग पुन्यांदा बघा. सकाळपास्नं बघतेय मी, तुम्ही ह्या मोठ्या डब्यालाच उलथंपालथं करायलात. त्या बारक्याला कवा इचारलं?"

"तो नवा आहे!"

"नवा है म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या, आणि पुढचं गिळलं.

मला राग आला. सकाळपासून मी त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होतो, आता त्या मला धंदा शिकवत होत्या. त्या रागातच मी ड्राइव्ह उचलली, खोक्यात कोंबायला म्हणून आडवी केली, आणि आतून बारीक आवाज आला. टिक्.

दुसऱ्या बाजूला कलती केली. टिक्.

नव्या वस्तूत काही सुटं नसतं. मी ट्रे उघडला, ड्राइव्ह उलटी धरली आणि तळव्यावर आपटली. तळव्यावर एक तांदळाचा दाणा पडला. लालसर.

तिघंही त्या दाण्याकडं बघत राहिलो.

"कंपनीतूनच आला असेल," सानप म्हणाले.

"कुंकू लावून?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाणा तसाच लाल.

"खंडेनवमीला कपाट कुणी उघडलं होतं, भाऊसाहेब?"

"किल्ली मी दिली होती," ते हळूच म्हणाले. "मला गावाला जायचं होतं. म्हणलं, ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करून घ्या. सगळ्या म्हणजे, टाइपरायटर, घंटा, कॉम्प्युटर..." मग आवाज चढला. "खोकं फोडा असं मी म्हणलो नव्हतो! प्रयागबाई, डेड स्टॉकच्या वस्तूला हात लावणाऱ्याला मेमो मिळतो, माहिती आहे ना?"

प्रयागबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. पण पूजेनं ड्राइव्ह बिघडत नाही. गावातल्या निम्म्या मशीनींवर दसऱ्याचं गंध असतं आणि त्या चालतात. मी ट्रेकडं पुन्हा पाहिलं. हळदीकुंकवाचा कुठं डाग नव्हता. या चपट्या ड्राइव्हच्या ट्रेवरच एक बारकं काचेचं भिंग असतं, मसुरीच्या डाळीएवढं. त्यातूनच ती तबकडी वाचते. तेही लख्ख दिसत होतं.

"पूजा केली असेल, पण त्यानं काही झालेलं दिसत नाही," मी म्हणालो. "दुसरी ड्राइव्ह बीडहून आणावी लागेल. म्हणजे उद्या."

बाहेर मुलींचा गलका सुरू झाला. दीड वाजून गेला होता, मोठ्या सुट्टीची घंटा झाली नव्हती.

"प्रयागबाई, घंटा!"

त्या उठल्या नाहीत. अकरा वर्षांत त्यांची घंटा चुकली नव्हती, हे नंतर मला सानपांनीच सांगितलं.

"डोळ्याला लावलं म्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या बारक्या डोळ्याला. ताट बाहीर आलं त्याचं, तर मधी डोळा दिसला. सगळ्यांना कपाळाला लावतो, ह्याला कपाळ न्हाई, डोळाच है. म्हणलं डोळ्यालाच लावू. पर काचंवर कुंकू ठरंना, घरंगळायलं. मग आधी तेलाचं बोट लावलं, वरून कुंकू. मागून मलाच भ्याव वाटलं, तर पदरानं पुसून काढलं. कुंकू निघालं." त्या थांबल्या. "तेल निघालं का न्हाई ते मला ठाव न्हाई. तेल काय दिसतं व्हय?"

सानप काही बोलणार होते, मी हात वर केला. भिंग उजेडात तिरकं धरलं. समोरून लख्ख दिसणाऱ्या त्या काचेवर तिरक्या उजेडात रॉकेलच्या तवंगासारखे रंग फिरत होते.

"शाळेत स्पिरिट आहे?"

"प्रयोगशाळेत," सानप म्हणाले, आणि त्यांना रजिस्टर आठवायच्या आत प्रयागबाई दार उघडून पळाल्या. बाटली घेऊन आल्या, कापूस घेऊन आल्या. आगकाडीला कापूस गुंडाळून मी ते भिंग पुसलं, थांबलो, पुन्हा पुसलं, सुकू दिलं. तबकडी घातली. मशीन चालू केलं.

दिवा लुकलुकला. घर्र झालं. आणि ते घर्र थांबलं नाही, चढत गेलं, एकसुरी झालं. काळ्या पडद्यावर एक ठिपका आला, मग ठिपक्यांची रांग, मग निळा पडदा, कोपऱ्यात चिन्हं.

"उठलं?" प्रयागबाईंनी विचारलं.

"उठलं."

त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला आणि घंटा द्यायला गेल्या. पंचवीस मिनिटं उशिरा.

हार्ड डिस्कमध्ये मॅडमचा फोल्डर सापडला. एकेक अर्ज उघडून बघायचा आणि पेन ड्राइव्हवर घ्यायचा, असं ठरलं. सानप हातात यादी घेऊन खुणा करत बसले. मुंडे, गर्जे, शेख, तांबे, पुन्हा मुंडे. प्रत्येक अर्जावर फोटो. बहुतेकींनी फोटोसाठी श्वास रोखून धरलेला.

"वीस," सानप म्हणाले. "झाले. काढ तो पेन ड्राइव्ह."

"अजून एक आहे."

"कसा असेल? माझ्या यादीत वीस."

मी एकविसावा अर्ज उघडला. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा वाजत होती, रोज वाजते त्याहून जरा जास्त वेळ. पडद्यावर नाव आलं: नागरगोजे प्रयागा मच्छिंद्र. शिक्षण: सातवी पास. व्यवसाय: शिपाई. फोटोत पदर खांद्यावरून घट्ट खोचलेला. खाली सही; एकेक अक्षर वेगळं, कोरल्यासारखं.

सानपांनी पडद्याजवळ तोंड नेऊन नाव पुन्हा वाचलं.

"अकरा वर्षं," ते म्हणाले, "मी हिच्या हातात नोटिशीची वही देतोय, आणि प्रत्येक वेळी सांगतोय, ही सातवी अ ची, ही आठवी ब ची. घेऊन जाते. एकदा म्हणाली नाही की वाचता येतं मला."

घंटा थांबली. पावलं वाजली, दारात येऊन थबकली. पडद्यावर काय आहे ते त्यांना तिथूनच दिसलं असणार. सानपांनी मान वर केली नाही. यादीत वीसच्या खाली त्यांनी एकवीस आकडा घातला, नाव लिहिलं, पुढं खूण केली.

"मॅडमना म्हणलं होतं, भाऊसाहेबांना कळू देऊ नका," प्रयागबाई म्हणाल्या. "नापास झाले असते तर तुम्ही रोज हसला असता."

"हसलो असतो," सानप म्हणाले. "पास झालात तरी हसणार आहे. माझी पिशवी कुठाय?"

"आन् मेमो?"

"मेमोत कारण लिहावं लागतं. कारणात पूजेचा हुकूम कुणी दिला तेही येतं." ते उठले, टोपी घातली. "पिशवी द्या बाई. गाडी जाईल."

माझ्या दुकानात एकवीस अर्ज छापले, तेव्हा तीनला आठ मिनिटं कमी होती. सानप कागद छातीशी धरून एसटीत चढले आणि कंडक्टरशी खिडकीच्या जागेवरून भांडायलाही लागले.

संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी मी वही उघडली. डावीकडे सानपांचं वाक्य होतंच. त्याखाली लिहिलं: प्रयागबाई – डोळ्याला तेल. उजव्या रकान्यात लिहिलं: डोळ्याला तेल.

पहिल्या खेपेला त्या गणितात नापास झाल्या. सानप हसले म्हणतात, पण रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्गमूळ शिकवायला बसू लागले. दुसऱ्या खेपेला निकाल लागला तेव्हा प्रयागबाई माझ्या दुकानात आल्या, गुणपत्रिकेला प्लास्टिक चढवून घ्यायला. मशीन तापेपर्यंत मी जुनी वही काढून ती ओळ त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी बोट ठेवून वाचलं. आधी डावा रकाना, मग उजवा.

"सारखंच है की दोन्हीकडं."

"या वहीत तेवढी एकच ओळ तशी आहे."

"पर चुकलंय," त्या म्हणाल्या. "खोबरेल होतं ते. द्या पेन."

त्यांनी डाव्या रकान्यात, तेलाच्या अलीकडं, बारीक अक्षरांत लिहिलं: खोबरेल. एकेक अक्षर वेगळं, कोरल्यासारखं. मग पेन उजवीकडं नेलं आणि थांबल्या.

"हिकडं लिहू का?"

"नको बाई. मशीननं कुठलं तेल ते सांगितलं नव्हतं."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून त्यांनी पेन ठेवलं.

त्या ओळीत आजही डावा रकाना उजव्यापेक्षा एका शब्दानं जास्त आहे.